आधी विक्री, मग कोड : कोल्हापुरातल्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

नोकरी पक्की. पद सेल्स एक्झिक्युटिव्ह, माल हिशेबाचं आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर. बनवणारी कंपनी मोठी, आम्ही तिचे कोल्हापुरातले विक्रेते. मूळ पगार २२ हजार, वर इन्सेन्टिव्ह, पेट्रोल वेगळं. हिंजवडीत डेव्हलपर म्हणून महिन्याला जे खात्यात पडायचं त्याचा हा तिसरा हिस्साही नाही. आईने आकडा ऐकला, "बरं" म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

प्रकल्प काय ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःशीच वाद नको. लहान कारखान्यांसाठी स्वतःचं सॉफ्टवेअर काढायचं आहे. कुठलं, ते ठरलेलं नाही. डोक्यात तीन कल्पना आहेत आणि तिन्ही हिंजवडीच्या कँटीनमध्ये सुचलेल्या, त्यामुळे त्यांच्यावर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. कोड लिहिता येतो. अनोळखी माणसाच्या दारात जायचं, त्याचा वेळ मागायचा, त्याची अडचण बाहेर काढायची आणि शेवटी पैसे मागायचे, हे कधी केलेलं नाही. साठवलेल्या पैशांवर वर्षभर घरी बसून प्रॉडक्ट बनवलं असतं, तर ही शिकवणी गाठीचे पैसे संपत आल्यावर सुरू झाली असती. आता ती पगार घेऊन होईल.

मुलाखतीत मालकांना सरळ सांगून टाकलं की साधारण वर्षभराने स्वतःचं काहीतरी काढणार आहे, तुमच्या मालाच्या आड येणारं नसेल. ते हसले. "तीन महिनं टिकलीस तरी लई झालं."

४ जून

नेमणूकपत्रात एक कलम आहे: नोकरी सोडल्यावर दोन वर्षं जिल्ह्यात याच प्रकारचा धंदा करायचा नाही. वकील मैत्रिणीला दाखवलं. तिचं म्हणणं, भारतीय करार कायदा १८७२, कलम २७: नोकरी संपल्यानंतर माणसाला धंद्यापासून अडवणारा करार आपल्याकडे टिकत नाही. पण नोकरीत असताना मालकाशी स्पर्धा करायची नाही, हे बंधन पक्कं. आणि ग्राहकयादी, दर, गोपनीय माहिती ही मालकाची, ती सोडल्यानंतरही आपली होत नाही.

म्हणून स्वतःपुरते दोन नियम. नोकरीत आहे तोवर प्रकल्पाची एक ओळही कोड लिहायची नाही. आणि ऑफिसच्या यादीतलं नाव-नंबर या वहीत उतरायचं नाही. इथे माणसं धंद्यावरून ओळखली जातील, नावावरून नाही.

१९ जून

आमच्या ऑफिसातले सिनियर (सगळे त्यांना अण्णा म्हणतात) यांच्या मागे स्कूटरवरून फिरते आहे. लक्ष्मीपुरीत धान्याची दुकानं, शाहूपुरीत गुळाचे अडते, शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉप (धातूचे भाग मशीनवर घडवून देणारे लहान कारखाने). अण्णांना कॉम्प्युटरमधलं कामापुरतं येतं. विक्री मात्र अशी करतात की बघत राहावं.

पहिल्या भेटीत ते लॅपटॉप बाहेरच काढत नाहीत. आज उद्यमनगरातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात बसलो. चहा आला, पावसाचं झालं, राजाराम बंधाऱ्याची पातळी झाली. मग अण्णा म्हणाले, "मागच्या महिन्याचं बिलबुक दावा की जरा." मालकांनी दिलं. अण्णा एकेक पान उलटत गेले, काही बोलले नाहीत. एका पानावर थांबले. "हे १८ टक्क्यानं लावलंय, आन् हे खालचं तेच आयटम १२ नं?" मालकांनी चष्मा लावला. "पोरानं लिहिलं असंल." अण्णांनी पान उलटलं. आणखी एक सापडलं. मग बिलबुक मिटून परत दिलं आणि म्हणाले, "येतो पुढच्या आठवड्यात." उठलोसुद्धा.

बाहेर आल्यावर विचारलं, डेमो का नाही दिला? "त्यांना रातभर झोप नको लागू दे," म्हणाले. यात थोडा दुष्टपणा आहे हे मान्य, पण चूक खरी होती आणि नोटीस आली असती तर तीही खरी आली असती. मी असते तर लॅपटॉप उघडून पहिल्या पाच मिनिटांत डॅशबोर्ड (आकडे-आलेख एका नजरेत दाखवणारा पडदा) दाखवला असता. डॅशबोर्डशी त्या माणसाचं काय देणंघेणं?

११ जुलै

आज जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या रिटर्नची, शेवटची तारीख. ऑफिसचा फोन सकाळपासून ठणाणतो आहे. सगळ्यांना आजच सगळं आठवतं: एचएसएन (मालाचा कोड) चुकलाय, बिल दोनदा पडलंय, पोर्टल उघडत नाही. पोर्टलशी आमचा संबंध नाही हे सांगण्यात अर्धा दिवस गेला.

विक्रीचं कॅलेंडर हळूहळू कळतंय. ९ ते ११ आणि १८ ते २० तारखेला विकायला जायचं नाही. रिटर्नची धावपळ असते, शिव्या खाव्या लागतात. पण १२ तारखेला आणि २१ तारखेला जरूर जायचं. कालचा ताप अजून अंगात असतो, मालक स्वतःहून बोलतो. सर्वात मोठा मोसम मार्चचा. १ एप्रिलपासून बिलांचे क्रमांक नव्याने सुरू होतात, त्यामुळे नवं काही चालू करायचं तर तेव्हाच, ही सगळ्यांच्या डोक्यात बसलेली गोष्ट. नोव्हेंबरात विकलेलं सॉफ्टवेअरही लोक एप्रिलपर्यंत उघडत नाहीत.

म्हणजे माझं प्रॉडक्ट मेमध्ये बाजारात आलं तर अकरा महिने वाट बघावी लागेल. उलटं मोजलं तर फेब्रुवारी-मार्चला हातात विकण्याजोगं काहीतरी हवं. हे कुठल्याही प्रॉडक्टच्या पुस्तकात सापडलं नसतं, कारण ते लिहिणाऱ्यांच्या गावाला बिलबुक बदलायचा दिवस नसतो.

२९ जुलै

धो धो पाऊस, फिरती बंद. ऑफिसात बसून जुन्या रिन्युअलचे फोन. मधल्या वेळात वाचन.

रॉस पेरो या अमेरिकन माणसाबद्दल वाचलं. पुढे राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला म्हणून त्याचं नाव माहीत होतं. नौदलातून बाहेर पडून तो १९५७ मध्ये आयबीएममध्ये सेल्समन म्हणून लागला. मशीन विकता विकता त्याच्या लक्षात आलं की गिऱ्हाईक महागडा कॉम्प्युटर घेतात खरे, पण तो चालवायचा कसा, त्यावर काम कुठलं करायचं, हे त्यांना उमगत नाही. ते काम करून देण्याचा धंदा काढू, असं त्याने वरिष्ठांना सुचवलं. त्यांनी रस दाखवला नाही. १९६२ मध्ये १ हजार डॉलरवर त्याने ईडीएस ही कंपनी काढली, १९८४ मध्ये जनरल मोटर्सने ती अडीच अब्ज डॉलरला घेतली. लोक या गोष्टीतला अब्जांचा भाग सांगतात. मला त्यातली आयबीएमची पाच वर्षं कामाची वाटतात. गिऱ्हाइकाच्या खोलीत बंद पडून राहिलेलं मशीन दिसायला आधी त्या खोलीत जावं लागतं, आणि सेल्समनला तिथे प्रवेश असतो.

आपल्याकडचं उदाहरण तर इथून दोन तासांवरचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, कारखाना नंतरचा. लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली म्हणतात. नांगर चांगला होता यात शंका नव्हती. तरी दोन वर्षं.

१८ ऑगस्ट

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं म्हणून गावभर आनंद, आज कोणाला सॉफ्टवेअरचं ऐकायचं नाही. तेवढ्यात एक महत्त्वाची गोष्ट मात्र कळली.

उद्यमनगरातल्या मशीन शॉपमध्ये मालकाला सॉफ्टवेअर पटतं, "घेऊया की" म्हणतो, आणि पुढे काहीच होत नाही. फोन केला की "सीएला विचारून सांगतो". मी समजत होते सीए नको म्हणतात. आज एका सीएंच्या ऑफिसात दुसऱ्याच कामाला गेले होते, सहज विचारलं. ते म्हणाले, मला कोणी काही विचारलेलंच नाही.

मग खरा नकार कुठून येतो? संध्याकाळी साडेसहाला येणाऱ्या पार्टटाइम अकाउंटंटकडून. हा माणूस दिवसा कुठेतरी नोकरी करतो आणि संध्याकाळी पाच-सहा शॉपची वही लिहितो. मालकाला हिशेबातलं कळत नाही, त्यामुळे याचा शब्द शेवटचा. त्याच्या दृष्टीने नवं सॉफ्टवेअर म्हणजे फुकटचं जास्तीचं काम, आणि उद्या मालक स्वतःच बिलं काढायला लागला तर आपली गरज काय, ही धास्ती. तो मालकाला एवढंच म्हणतो, "आत्ता नको, मार्चनंतर बघू." संपलं.

अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "हे तुला आत्ता कळलं व्हय?" ते म्हणे पहिल्यापासून संध्याकाळीच जातात. मलाही स्कूटरवरून तेव्हाच नेत होते. मी समजायचे, दुपारची झोप काढत असतील.

माझ्या प्रॉडक्टसाठी नोंद: पैसे मालक देणार, पण काम अकाउंटंटचं वाचलं पाहिजे. त्याला त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा टाइप करावं लागत असेल तर विषय तिथेच संपला.

४ सप्टेंबर

काल रात्री जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला. १२ आणि २८ चे टप्पे जाणार, मुख्यतः ५ आणि १८ राहणार, २२ सप्टेंबरपासून. सकाळी साडेसातपासून फोन. दुकानदार खूष, बऱ्याच मालावरचा कर कमी झालाय.

उद्यमनगर खूष नाही. इंजिनिअरिंगच्या जॉबवर्कवर (दुसऱ्याचा माल मजुरीवर घडवून देण्याच्या कामावर) आजवर १२ टक्के होता, तो आता १८.

२१ सप्टेंबर

रविवार असून फिरती. नव्या दराने मास्टर (सॉफ्टवेअरमधल्या माल-दरांच्या याद्या) बदलून द्यायचे आहेत आणि ज्यांचं काम पूर्ण झालंय त्यांना आजच्या तारखेची बिलं काढून हवी आहेत. काम २२ च्या आधी झालेलं असलं, तरी बिल आणि पैसे दोन्ही नंतर झाले तर नवा दर लागतो. बिल आधी निघालं तर जुना. म्हणून घाई.

एका शॉपचे मालक, साठीचे, चार लेथ आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन). काम एका फाउंड्रीचं, म्हणजे ओतकाम कारखान्याचं. मी म्हटलं, काका, फाउंड्रीला तुमच्या जीएसटीचं क्रेडिट (कराची वजावट) मिळतंच की, तुमच्या खिशाला काय फरक? त्यांनी पेन घेतलं आणि चहाच्या बिलामागे हिशेब मांडला. महिन्याचं लेबर बिल ५ लाख. १२ टक्क्यांनी कर ६० हजार, १८ नी ९० हजार. फाउंड्री पैसे देणार दोन-अडीच महिन्यांनी, आणि सरकारला भरायचा पुढच्या २० तारखेला. "म्हंजे दर म्हैन्याला तीस हजार जादा माझं घालायचं, ते माझ्याकडं परत यायला अडीच म्हैनं. तीन म्हैन्याचं झालं नव्वद हजार अडकून." मग पेन ठेवलं. "क्रेडिट फाउंड्रीला मिळतंय वं. मला हप्ता येतोय व्हीएमसीचा."

जीएसटीची कलमं मला त्यांच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. तरी हा हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. सगळ्या शॉपमध्ये मशीन धुवून-पुसून पूजा, झेंडूच्या माळा, कुलंटचा वास आणि त्यावर अगरबत्ती. आज विक्री नाही, नुसत्या भेटी आणि पेढे. त्यामुळेच की काय, लोक निवांत बोलत होते.

त्याच काकांकडे बसले होते. टेबलावर एक लांबडं रजिस्टर, कडा काळ्या झालेल्या, पानापानांवर ग्रीसचे अंगठे. विचारलं, हे काय? "चलन रजिस्टर." बघू का म्हटलं. दिलं.

इथे प्रकल्प बदलला. म्हणून सविस्तर लिहिते.

फाउंड्रीकडून कच्चं कास्टिंग (ओतीव भाग) चलनावर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, येतं. शॉपमध्ये त्याचं मशीनिंग होतं आणि तयार नग शॉपच्या चलनावर परत जातात, पण एकदम नाही, तुकड्यातुकड्याने. एका पानावर एक चलन: पंपाची बॉडी, १५० नग. खाली लाल पेनने: ६० गेले, ७० गेले. सीआर ९, एमआर ४. शिल्लक ७. सीआर म्हणजे कास्टिंग रिजेक्शन. बोअर मारताना आत ब्लो होल (ओतताना राहिलेली पोकळी) निघालं, तर दोष फाउंड्रीचा. एमआर म्हणजे मशीनिंग रिजेक्शन. माप चुकलं, तर दोष शॉपचा, आणि त्या कास्टिंगचे पैसे शॉपच्या बिलातून कापले जातात.

भांडण नेमकं इथे. फाउंड्रीच्या हिशेबात त्याच चलनाला सीआर ४ आणि एमआर ९ आहेत. मधले पाच नग कोणाचे? एक नग ११ किलोचा, म्हणजे ५५ किलो कास्टिंगचं डेबिट. शिवाय नगाला १४० रुपये लेबर, त्या पाच नगांवर मशीन चाललेलं आहे, ते ७०० रुपयेही गेले. काकांनी तेव्हा ते पाचही नग दाखवून परत पाठवले होते, तिथल्या सुपरवायझरने मानही हलवली होती. कागदावर काही नाही. सुपरवायझर आता दुसऱ्या कंपनीत.

"असं किती वेळा होतं?" मी विचारलं. त्यांनी रजिस्टरची पानं अंगठ्याने फर्रकन उलटली. दर दोन-चार पानांआड लाल वर्तुळ.

वर्तुळं मोजली नाहीत. पण मी विकते त्या सॉफ्टवेअरमध्ये यातलं काहीच बसत नाही, कारण हे अजून बिल नाहीच. बिल व्हायच्या आधी जे घडतं ते सगळं त्या लांबड्या रजिस्टरात आहे आणि पैसे तिथेच गळतात. हिंजवडीच्या तिन्ही कल्पना वहीतून खोडल्या.

९ ऑक्टोबर

किंमत सांगून गप्प बसायला शिकले. हे अण्णांचं सर्वात अवघड कसब. आकडा सांगायचा आणि मग तोंड उघडायचं नाही, समोरचा पंख्याकडे बघो, पोराला हाक मारो, काही करो. मला तीन सेकंदांत "पण डिस्काउंट होऊ शकेल" म्हणायची हुक्की येते. समोरच्याने मागितलेलं नसतं!

आज गोकुळ शिरगावच्या एका पार्टीला आकडा सांगितला आणि जिभेवर लवंग ठेवून बसले (खरंच, पर्समध्ये असते). ते बराच वेळ कॅल्क्युलेटर बडवत होते. शेवटी म्हणाले, "वरनं जीएसटी ना?" हो म्हटलं. "बरं, चेक कुणाच्या नावानं?"

डेव्हलपर म्हणून कधी कोणाच्या तोंडावर किंमत सांगितलेली नव्हती. स्वतःच्या मालाची सांगताना हे आणखी जड जाणार, कारण तिथे नकार माझ्या कोडला असेल. दुसऱ्याच्या मालावर सराव झालेला बरा.

१२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर बाजार आळसावलेला. रिकाम्या संध्याकाळी दोन कामं केली.

एक, कायदा नीट वाचला. जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षात परत यावा लागतो. नाही आला तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी तो विकला असं धरतात. पाठवलेल्या-आलेल्या मालाचा आयटीसी-०४ फॉर्म भरायची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची. पाच कोटींवर उलाढाल असेल तर सहामाही, नसेल तर वर्षातून एकदा, २५ एप्रिलपर्यंत. म्हणजे चलनांचा मेळ फाउंड्रीलाही हवाच असतो. मेळ नसला की एप्रिलमध्ये त्यांचाही अकाउंटंट शॉपवाल्यांना फोन करत बसतो.

दोन, फाउंड्रीची बाजू ऐकली. शिरोलीतल्या एका फाउंड्रीचे क्वालिटीवाले (माल तपासणारे) ओळखीने भेटले. ते म्हणाले, शॉपवाले सगळेच साधू नसतात. टूल तुटून वाया गेलेला नगही सीआरमध्ये ढकलतात. त्यांनाही फोटो हवा आहे: नग परत येतो त्याच दिवशी, ब्लो होलचा जवळून, चलन क्रमांकासकट. दोन्ही बाजू एकमेकांवर संशय घेतात आणि दोघांना पुरावा एकच पाहिजे. अशी जागा क्वचित मिळते.

८ डिसेंबर

मालकांना सांगितलं. जानेवारीअखेर सोडणार, चलन रजिस्टरवर काम करणार, तुमच्या ग्राहकयादीला हात लावणार नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत (हेही विक्रीचंच तंत्र असावं). मग विचारलं, "आपल्या सॉफ्टवेअरला जोडणार काय ते?" हो, बिलाची एंट्री सरळ त्यात जाईल. "मग आम्हीच इकू की तुझं. कमिशन बोल."

हे अपेक्षित नव्हतं. पण लगेच हो म्हटलं नाही. पहिली दहा-बारा गिऱ्हाइकं स्वतः करायची आहेत. दुसऱ्याच्या हाती विक्री दिली की नकाराचं कारण माझ्यापर्यंत पोचतच नाही. सहा महिन्यांत एवढं तर कळलं. त्यानंतर कमिशनवर द्यायला हरकत नाही. त्यांनाही ते पटलं. ग्राहकयादीचा प्रश्नही त्यात सुटतो, जुन्या पार्ट्यांकडे मी त्यांच्या परवानगीनेच जाईन. त्यांनी तसं पत्र द्यायचं कबूल केलं.

३१ जानेवारी २०२६

शेवटचा दिवस. चालू लीडची (घेण्याची शक्यता असलेल्या गिऱ्हाइकांची) यादी अण्णांना दिली, प्रत्येकापुढे शेरा: कोण संध्याकाळी भेटतो, कुणाचा अकाउंटंट नडतो, कुणाला फक्त चहाला कंपनी हवी असते. अण्णांनी वाचून शेवटच्या प्रकारातल्या दोघांपुढे फुली मारली आणि एकाला वरच्या यादीत नेलं. "ह्यो घेणार. पोराचं लगीन झालं की घेणार."

२० फेब्रुवारी

काम वेगात. काय करायचं नाही ते आधीच माहीत असल्यामुळे प्रॉडक्ट लहान राहिलं आहे.

फोनवर चालतं, कारण शॉपमधला कॉम्प्युटर धुळीला घाबरून आतल्या केबिनमध्ये असतो आणि चलन येतं दारात, टेम्पोबरोबर. इंटरनेट नसलं तरी नोंद होते, पत्र्याच्या शेडमध्ये रेंज नसते. स्क्रीनवरची बटणं मोठी, हाताला तेल असतं. आवक, जावक, सीआर, एमआर, शिल्लक हे शब्द रजिस्टरातलेच ठेवले, त्याच क्रमाने. सीआर टाकताना फोटो सक्तीचा. फोटो आणि शिल्लकेचा तक्ता व्हॉट्सॲपवर फाउंड्रीच्या माणसाला त्याच दिवशी जातो, म्हणजे हरकत घ्यायची तर त्याने तेव्हाच घ्यायची. महिनाअखेर एक बटण: बिलाची फाइल अकाउंटंटच्या सॉफ्टवेअरला चढेल अशी.

डॅशबोर्ड नाही.

चाचणीला काकांचं शॉप. तिथला ऑपरेटर नोंद करतो, काका बघत नाहीत. काकांसाठी वेगळं काहीतरी करायचा मोह झाला होता, आवरला. त्यांना दिवसाला एक मेसेज जातो: आज किती गेले, किती उरले.

२ मार्च

पार्टटाइम अकाउंटंट. हे प्रकरण आधी हाताळायचं म्हणून महिनाअखेरच्या बिलाची फाइल काकांच्या अकाउंटंटला पहिल्यांदा दाखवली, काकांच्याही आधी. महिन्याची लेबर बिलं चढवायला त्याला एक अख्खी संध्याकाळ लागते. फाइल चढवून दाखवली. त्याने आधी चूक शोधली आणि सापडलीही: आमच्याकडे पार्टीच्या नावात टिंब होतं, त्याच्याकडे नव्हतं, त्यामुळे दुसरं खातं तयार झालं. त्याच रात्री दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन: "आणखी चार शॉप बघतो मी. त्यांना दावू का?"

१८ मार्च

उद्या पाडवा, वर्षअखेर दहा-बारा दिवसांवर. मोसम हाच. किंमत ठरवली वर्षाला १२ हजार अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण १४,१६०. महिन्याचं भाडं ठेवलं नाही. इथे "दर म्हैन्याला" हे शब्द ऐकले की माणूस हप्ते मोजायला लागतो. वर्षाचं एकदम द्यायची सवय एएमसीमुळे (वार्षिक देखभालीच्या करारामुळे) आहे. धंदा माझ्या एकटीच्या नावावर, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) झाली. जीएसटी क्रमांक उलाढाल नसतानाही घेतला, कारण समोरच्याला क्रेडिट लागतं आणि बिनाजीएसटीच्या बिलाकडे तो संशयाने बघतो.

काकांना आकडा सांगितला. लवंग होतीच. त्यांनी पंख्याकडे बघितलं, ऑपरेटरला हाक मारून भलतंच काहीतरी विचारलं, रजिस्टर उघडून मिटलं. "माझ्याच रजिस्टरातनं केलंस आन् मलाच इकतीस?" हो, म्हटलं. ते हसले, पण चेकबुक काही काढलं नाही. चाचणीचे आठवडे फुकट होते, ते वळते करा म्हणाले. मी म्हटलं, पैसे वळते होणार नाहीत, त्याऐवजी वर्ष १ एप्रिलपासून धरू, मार्च असाच वापरा. यावर घासाघीस नाही. चेक निम्म्या रकमेचा मिळाला, ७,०८०, बाकी पंधरा एप्रिलला.

भवानी झाली. अकाउंटंटच्या चार शॉपपैकी दोघांनी डेमोला वेळ दिली आहे, एकाने "मार्चनंतर बघू" म्हटलं आहे. हे वाक्य आता मला वाचता येतं. त्याच्याकडे २१ एप्रिलला, संध्याकाळी सात वाजता.

२ एप्रिल

दोन शॉप चालू झाली. नव्या वर्षाच्या सुरुवातीच्या शिल्लका रजिस्टरावरून भरून द्याव्या लागतात, तेच सर्वात किचकट काम आहे आणि त्याचे पैसे मी लावलेले नाहीत. पुढच्या कोटेशनमध्ये वेगळी ओळ: "जुनी चलनं भरून देणे", शॉपला २ हजार. अण्णांना फोन करून विचारलं, जास्त होतील का? ते म्हणाले, "अडीच लाव. पाचशे सोडायला राहू देत."

अडीच लिहिले. शिरोलीतल्या क्वालिटीवाल्यांनी फाउंड्रीसाठी स्वतंत्र स्क्रीन मागितली आहे. त्यांच्याकडे माल पाठवणारी शॉप पुष्कळ आहेत, पण फाउंड्रीत खरेदीचा निर्णय कोण घेतं ते अजून कळलेलं नाही. कोडच्या आधी तो माणूस शोधायचा.